कांदळवनाचा हिशेब कोणाच्या वहीत?

किनाऱ्यावरील कांदळवने (खारफुटीची वने), खाड्या आणि प्रवाळ यांच्या संरक्षणावरील तरतूद ही गुंतवणूक मानावी, असे या सदरात गेल्या महिन्यात लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे नागपूर शहरातील आहेत आणि त्यांचा सूर शंकेचा आहे, याचा मला आनंदच वाटतो. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. मुद्दे सारखे असलेली पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : नागपूरहून समुद्र सातशे-आठशे किलोमीटरवर. विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष वर्षानुवर्षे रेंगाळत असताना राज्याच्या तिजोरीतील पैसा कोकणच्या चिखलात वाढणाऱ्या झाडांवर का खर्च व्हावा? त्याचा परतावा रुपयांत दाखवता येतो, की ही केवळ पर्यावरणप्रेमींची बोलण्याची रीत आहे? (एक निवृत्त बँक अधिकारी, धरमपेठ)

उत्तर : परतावा दाखवता येतो. आपली हयात बँकेत गेली असल्यामुळे थायलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा एक हिशेबच आपल्यापुढे ठेवतो. तेथे गेल्या शतकाच्या अखेरीस कांदळवने तोडून कोळंबीची तळी खोदण्याचा सपाटा लागला होता. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड बार्बिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ वर्षांचा काळ व दहा टक्के वटावाचा दर (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढण्याचा दर) धरून दोन्ही बाजूंची हेक्टरी मांडणी केली. तळ्याच्या मालकाला हेक्टरी ९,६३२ डॉलर नफा दिसत होता. त्यातून सरकारने दिलेल्या सवलतींचे ८,४१२ डॉलर वजा केल्यावर समाजाच्या पदरात १,२२० डॉलर उरत होते. अशी तळी काही वर्षांत रोगराईने आणि साचलेल्या घाणीने निकामी होतात, मालक ती सोडून पुढच्या खाडीकडे जातो, आणि मागे उरलेली जमीन पुन्हा कांदळवनाजोगी करायची तर हेक्टरी ९,३१८ डॉलर लागतात. तेच कांदळवन उभे राहिले असते तर लाकूड व इतर वनोपजाचे ५८४, मत्स्यबीजाला मिळणाऱ्या आसऱ्यामुळे मासेमारीत पडणाऱ्या भरीचे ९८७ आणि वादळी लाटांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचे १०,८२१, असे एकूण १२,३९२ डॉलर त्या हेक्टराने दिले असते.

या आकड्यांत मला बेरजेपेक्षा वाटणी महत्त्वाची वाटते. कोळंबीचा नफा एका मालकाच्या वहीत जमा होतो, तर कांदळवनाचे १२,३९२ डॉलर शेकडो मच्छीमार कुटुंबांत, किनाऱ्यामागच्या गावांत आणि मदतनिधी वाटणाऱ्या सरकारच्या तिजोरीत विखुरलेले असतात. ते कोणाच्याही एका वहीत दिसत नाहीत, म्हणून ते नाहीतच असे गृहीत धरून निर्णय घेतले जातात. तोडणाऱ्याला आपला लाभ नेमका ठाऊक असतो आणि राखण्याचा लाभ ज्यांना मिळतो त्यांना तो मिळतो आहे हेच बहुधा ठाऊक नसते. किनाऱ्याच्या परिसंस्थांचे आर्थिक मूल्य काढण्याचा सगळा खटाटोप या एका विषमतेसाठी आहे, असे माझे मत आहे.

थायलंड दूरचे वाटत असेल तर ओडिशाचे उदाहरण घ्यावे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तेथे महाचक्रीवादळ आले आणि सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे दहा हजार माणसे दगावली. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी केंद्रपाडा जिल्ह्यातील शेकडो गावांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये दाखवून दिले की, गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा असलेल्या गावांत मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाले होते. त्याआधी रुची बडोला आणि एस. ए. हुसैन यांनी भितरकनिका परिसरातील तीन गावांची तुलना केली होती. कांदळवनाच्या आडोशाला असलेल्या गावात दर कुटुंबामागे सरासरी ३३ डॉलरचे नुकसान झाले. ज्या गावाला ना कांदळवन होते ना बंधारा, तेथे ४४ डॉलरचे झाले. सर्वाधिक, म्हणजे जवळपास १५४ डॉलरचे नुकसान झाले ते बंधारा बांधलेल्या, पण कांदळवन नसलेल्या गावात! तीन गावांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. परंतु सिमेंट-मातीचे बांधकाम म्हणजे संरक्षण आणि झाडे म्हणजे शोभा, असा जो समज आपल्याकडे अंदाजपत्रक करणाऱ्यांच्या मनात घट्ट बसला आहे, तो सैल व्हायला ती पुरेशी आहेत.

वाघांच्या निमित्ताने जंगलाला किंमत असते हे नागपूरकरांना पटवावे लागत नाही. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ मध्ये देशातील सहा व्याघ्र प्रकल्पांचे आर्थिक मूल्यमापन केले, त्यांत सुंदरबन होते. म्हणजे वाघांचे जंगल आणि कांदळवन एकाच ठिकाणी. तेथून मिळणाऱ्या लाभांची वार्षिक किंमत सुमारे १,२८० कोटी रुपये निघाली आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा, ५१७ कोटी रुपये, माशांच्या पिलांना मिळणाऱ्या आसऱ्याचा होता. आपल्या ओळखीच्या मेळघाटचेही असेच मूल्यमापन त्या संस्थेने २०१९ मध्ये केले आहे.

आता तिजोरीकडे येऊ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीत घरे, नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनारा झोडपत गेले. दोन्ही वेळा भरपाईचा भार राज्याच्या तिजोरीवर पडला आणि त्या तिजोरीत धरमपेठेतून जाणारा करही असतो. किनाऱ्याची नैसर्गिक तटबंदी जितकी विरळ होईल तितका हा भार वाढत जाईल. विदर्भाच्या अनुशेषाची आपली तक्रार रास्त आहे, परंतु कांदळवनांची तरतूद थांबवून तो भरून निघण्याजोगा नाही; त्या दोन रकमांचे मानच वेगळे आहे. उलट वादळानंतरच्या भरपाईवर जाणारा पैसा हाच सिंचनासारख्या दीर्घ मुदतीच्या कामांचा खरा प्रतिस्पर्धी आहे.

प्रश्न : जी वस्तू बाजारात विकलीच जात नाही तिची किंमत कशी काढतात? शिवाय एका ठिकाणी हेक्टरी काही हजार डॉलर आणि दुसऱ्या ठिकाणी साऱ्या जगासाठी लाखो कोटी डॉलर, असे आकडे वाचून विश्वास कशावर ठेवावा? (अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : जगाचा म्हणून जो आकडा आपण वाचला तो बहुधा रॉबर्ट कॉन्स्टान्झा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला असावा. निसर्गाच्या सेवांचे वार्षिक मूल्य त्यांनी सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढले, तेव्हा साऱ्या जगाचे एकूण राष्ट्रीय उत्पन्न १८ लाख कोटी डॉलरच्या आसपास होते. त्यातला सुमारे ६३ टक्के भाग समुद्राचा आणि समुद्राच्या भागातही अर्ध्याहून अधिक वाटा किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचा होता. या अभ्यासाने विषयाकडे जगाचे लक्ष वेधले, हे त्याचे श्रेय. परंतु एका हेक्टराची किंमत काढून तिला जगातल्या सर्व हेक्टरांनी गुणणे ही पद्धत टिकणारी नाही, कारण शेवटच्या उरलेल्या कांदळवनाची किंमत पहिल्याइतकी राहत नाही, ती कितीतरी वाढते. मायकेल टोमन या अर्थशास्त्रज्ञाने या आकड्याला अनंताचे गंभीर न्यूनमूल्यांकन, म्हणजे जे अमर्याद आहे त्याला कमी लेखणे, म्हटले, ते मार्मिक आहे. निर्णयासाठी उपयोगी पडतो तो लहान प्रश्न : अमुक खाडीतील अमुक हेक्टर गेले तर कोणाचे किती जाईल?

त्याचे उत्तर काढण्याच्या रीती आपल्या अभ्यासक्रमात असतीलच. मासळीची आवक किती घटेल याचा अंदाज करून बाजारभावाने गुणतात. झाडांचे काम करणारी संरक्षक भिंत बांधायची तर किती खर्च येईल ते पाहतात. ही रीत सोपी, म्हणून तिचा गैरवापरही फार, कारण भिंत खरोखरच कोणी बांधणार नसेल तर तिचा खर्च हे मूल्य ठरत नाही. वादळात प्रत्यक्षात टळलेल्या नुकसानीवरून मूल्य काढणे हे त्याहून भरवशाचे, आणि ओडिशाचे अभ्यास त्या जातीचे आहेत. पर्यटक प्रवासावर किती खर्च करतात यावरून स्थळाचे मूल्य काढतात. शेवटची आणि सर्वांत वादग्रस्त रीत म्हणजे लोकांनाच विचारणे. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डीझ जहाजातून तेल सांडले, तेव्हा तो किनारा कधीही न पाहिलेल्या अमेरिकी कुटुंबांना असा अपघात पुन्हा टाळण्यासाठी किती पैसे मोजाल असे विचारण्यात आले आणि उत्तरांवरून २८० कोटी डॉलरचे मूल्य निघाले. समुद्र न पाहिलेल्या माणसालाही तो असण्यात रस असतो, ही गोष्ट नागपुरात बसून समजायला अवघड नाही.

एका ठिकाणी मात्र फार सावध राहा, आणि ते म्हणजे वटावाचा दर. पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत दहा टक्के दराने केवळ ८५ पैसे भरते, तर तीन टक्के दराने जवळजवळ २३ रुपये. तळ्याचा नफा पहिल्या काही वर्षांत हाती पडतो आणि कांदळवनाचा लाभ पिढ्यान्‌पिढ्या थोडा थोडा येत राहतो, त्यामुळे दर चढा धरला की कोणतेही कांदळवन तोडणे फायद्याचे ठरवता येते. अहवाल हाती आला की निष्कर्षाआधी हा दर शोधावा. तो छापलेलाच नसेल तर अहवाल बाजूला ठेवायला हरकत नाही. थायलंडच्या हिशेबात दर दहा टक्क्यांचा, म्हणजे तोडणाऱ्याच्या सोयीचा होता आणि तरीही कांदळवन सरस ठरले, यात त्या अभ्यासाचे बळ आहे.

प्रश्न : किंमत ठरली की विक्री आलीच. उद्या एखादा बिल्डर भरपाईची रक्कम भरून कांदळवन साफ करायला मोकळा होणार नाही काय? (महाल येथील एक शिक्षिका)

उत्तर : ही भीती निराधार नाही. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळती करताना नक्त वर्तमान मूल्य, म्हणजे त्या वनापासून पुढे मिळाले असते त्या लाभांची आजची किंमत, वसूल करण्याची पद्धत आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने रुळली आणि २००८ मध्ये ते दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे ठरले. पुढे ते वाढवण्यात आले. ही रक्कम परवानगीची किंमत नाही, परवानगी मिळाल्यावरचा दंडवजा भार आहे, असे कायदा म्हणतो. प्रकल्पाच्या कागदांत मात्र तो खर्चाच्या यादीतला आणखी एक रकाना होऊन बसतो.

कांदळवनांच्या बाबतीत महाराष्ट्रात किमतीच्या आधी न्यायालयाचा निवाडा आहे, ही चांगली गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने राज्यभरातील कांदळतोड थांबवली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवने नष्ट करणे हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे स्पष्ट केले. बांधकामासाठी आणि व्यापारासाठी तोड करता येत नाही, कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो, आणि अपवाद केवळ सार्वजनिक हिताच्या कामाचा. त्यामुळे आपल्या प्रश्नातील बिल्डरला रक्कम भरूनही वाट मिळू नये. वाट मिळते ती सरकारी प्रकल्पांना. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळझाडे तोडण्यास याच न्यायालयाने परवानगी दिली. मूळ प्रस्ताव ५३ हजारांहून अधिक झाडांचा होता आणि आक्षेपांनंतर आखणीत बदल करून तो आकडा खाली आणण्यात आला. मूल्यमापनाचा खरा उपयोग मला येथे दिसतो : सार्वजनिक हित सांगणाऱ्यालाही दुसऱ्या बाजूचे सार्वजनिक हित किती, हे आकड्यांत विचारता येते.

बदल्यात झाडे लावून देऊ, या आश्वासनाबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. फिलिपिन्समध्ये मोठ्या खर्चाने झालेल्या लागवडींत अनेक ठिकाणी १० ते २० टक्केच रोपे जगली, कारण ती भरतीच्या पाण्याची पातळी न पाहता, जेथे कांदळवन नैसर्गिकरीत्या कधी नव्हते अशा उघड्या चिखलावर लावण्यात आली. तो उघडा चिखलही काही रिकामा नसतो. ठाणे खाडीतले रोहित पक्षी त्यावरच पोसले जातात. केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेल्या मिष्टी योजनेत ५४० चौरस किलोमीटरवर कांदळवन उभे करायचे आहे, ते चांगलेच. पण महाराष्ट्रात आज जे तीनशे चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक कांदळवन उभे आहे, त्याला तो पर्याय नव्हे.

किंमत लावण्याचा दुसरा उपयोग नुकसान झाल्यावर होतो. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळच्या समुद्रात एमएससी एल्सा-३ हे मालवाहू जहाज बुडाले. केरळ सरकारने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा दाखल केला, त्यात मच्छीमारांच्या बुडालेल्या उत्पन्नाचे सुमारे ५२७ कोटी रुपये आहेत आणि ८,६२६ कोटी प्रदूषणाने पर्यावरणाच्या केलेल्या हानीचे. निसर्ग अमोल आहे एवढेच म्हणून हा दावा लढता आला नसता. न्यायालयात जे मोजले जात नाही, त्याचा हुकूमनामा शून्याचा निघतो.

प्रश्न : कर्ब-पतपत्र विकून किनाऱ्यावरच्या गावांना उत्पन्न मिळू शकते, असे ऐकले. यात तथ्य किती? (कामठीचे एक वाचक)

उत्तर : कर्ब-पतपत्र (कार्बन क्रेडिट) म्हणजे हवेत जाऊ न दिलेल्या किंवा साठवलेल्या कर्बाबद्दल मिळणारे, विकता येणारे प्रमाणपत्र. त्यातून काही ठिकाणी उत्पन्न मिळते आहे. कांदळवनाच्या चिखलात मुळांखाली शतकानुशतकांचा कर्ब साठलेला असतो, त्यामुळे त्याचा हेक्टरी साठा जमिनीवरील उष्णकटिबंधीय वनांच्या कित्येक पट असू शकतो. केनियातील गाझी उपसागराकाठचे ग्रामस्थ २०१३ पासून ११७ हेक्टर कांदळवन राखून त्याची पतपत्रे विकतात आणि तो पैसा शाळा व पिण्याच्या पाण्यावर खर्च करतात. उत्पन्न मात्र बेताचेच आहे आणि भाव परक्यांच्या हाती. आपल्याकडे मंडणगड तालुक्यातील वेळासने वेगळी वाट दाखवली आहे : समुद्री कासवांची अंडी राखायची, पिले समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्यांना गावकऱ्यांनी घरीच उतरवायचे आणि जेवूखाऊ घालायचे. पैसा थेट घरात येतो, म्हणून मला ती वाट अधिक खात्रीची वाटते.

प्रश्न : आम्ही नाग नदीच्या काठी राहतो. समुद्राच्या आरोग्याशी या नाल्याचा काही संबंध जोडणे म्हणजे अतिशयोक्ती नव्हे काय? (नंदनवन परिसरातील रहिवासी)

उत्तर : नकाशा पाहिल्यास अतिशयोक्ती वाटणार नाही. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा यांची मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते तेथे, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचे कांदळवन आहे. म्हणजे नागपूरकरांचा किनारा हिशेबाने कोकणचा नसून आंध्र प्रदेशाचा आहे, आणि सातशे-आठशे किलोमीटरचा जो दाखला आपण सारे देतो तो चुकीच्या दिशेने मोजलेला आहे.

शहराच्या सांडपाण्याची पहिली झळ समुद्राला बसत नाही हे मान्य. ती गोसीखुर्दच्या जलाशयाला आणि भंडारा जिल्ह्यातील काठच्या गावांना बसते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी मंजूर झालेल्या १,९०० कोटींहून अधिक रकमेच्या प्रकल्पाचे समर्थन त्यांच्यासाठी म्हणूनच करावे. किनाऱ्यापर्यंत नदीचा जो परिणाम निश्चितपणे पोहोचतो तो गाळाचा, किंवा गाळ न पोहोचण्याचा. गोदावरी आपल्या मुखाशी १९७१ ते १९७९ या काळात वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ आणत होती. १९९० ते १९९८ मध्ये तो पावणेसहा कोटी टनांवर आला, कारण मधल्या काळात खोऱ्यात धरणे उभी राहिली. गाळ हेच त्रिभुज प्रदेशाचे आणि त्यावरच्या कांदळवनाचे अन्न असल्यामुळे तेथील किनारा झिजतो आहे. धरणांमुळे वरच्या खोऱ्यात सिंचन झाले, पिके आली आणि तो लाभ मोजला गेला. मुखाशी गेलेली जमीन आणि मासळी धरणांच्या लाभ-व्यय पत्रकांत कोणी धरली नाही. याचा अर्थ गोसीखुर्द बांधायला नको होते असा कोणी काढू नये. मुखाशी होणारा तोटा पत्रकात यावा आणि गाळ पुढे सोडण्याची सोय धरणाच्या आराखड्यातच असावी, एवढीच मागणी अर्थशास्त्राला करता येते.

किनाऱ्याला कांदळवन जे काम करते ते शहरात तलाव, नाल्यांचे काठ आणि पाणथळ जागा करतात. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा नदीचे पात्र आवळल्याने वाचलेली जमीन आणि घराघरांत झालेली नासाडी यांचा हिशेब कोणी शेजारी शेजारी मांडला असता, तर तो थायलंडच्या कोष्टकासारखाच दिसला असता.

प्रश्न : नागपुरात राहून मासे खाणाऱ्याने काय करावे? (दोन-तीन पत्रांतून आलेला प्रश्न)

उत्तर : आकार पाहून घ्यावे. पापलेट हा सप्टेंबर २०२३ पासून राज्यमासा आहे आणि तो राज्यमासा करण्यामागे त्याची घटती आवक हेच कारण होते. अंडी घालण्याच्या आधीच लहान पापलेट जाळ्यात ओढले जाते. राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे आणि पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. बर्फातून येथवर आलेले तळहाताएवढे पापलेट स्वस्त मिळते, त्याचे कारण ते मोठे होऊन चौपट भावाने विकले जाण्याआधीच पकडलेले असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना बंदी असते. त्या काळात कोणी पश्चिम किनाऱ्याची ताजी मासळी म्हणून पुढे केली, तर ती कोठून आणि कशी आली, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे.